बिऱ्हाड नव्या यंत्रात

माझ्या सतरा कविता हरवल्या आहेत. चोरीला गेल्या नाहीत, जळाल्या नाहीत. १९९८ साली आमच्या गावातल्या एका डीटीपीच्या दुकानात त्या मी टाइप करून घेतल्या, फ्लॉपीवर उतरवून घेतल्या आणि कागद रद्दीत टाकून निर्धास्त झालो. चार-पाच वर्षांनी दुसऱ्या दुकानात ती फ्लॉपी दिली. फाइल उघडली, पण पडद्यावर कविता नव्हतीच. कंस, डॉलरची चिन्हं, टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं, असा सगळा चिवडा. दुकानदार म्हणाला, "तो फॉन्ट आपल्याकडे नाही." पुढे फ्लॉपीच खराब झाली आणि विषय संपला. त्या काळात संगणकावर मराठी टाइप करून घेतलेल्या अनेकांना हा अनुभव आला असेल.

माझा भाचा पुण्यात संगणकाच्या क्षेत्रात काम करतो. त्याला हे गाऱ्हाणं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मामू, फ्लॉपी चांगली होती तोवर कविता हरवल्या नव्हत्या. त्या त्या फॉन्टला बांधलेल्या होत्या. फाइलमध्ये नुसते आकडे असतात. कुठला आकडा म्हणजे 'क' आणि कुठला म्हणजे वेलांटी, हे फक्त त्या फॉन्टला ठाऊक." मग तो सहज बोलून गेला की त्याचं स्वतःचं कामही याच जातीचं आहे, फक्त पसारा मोठा. एका प्रकारच्या यंत्रावर चालणारी अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम उचलून वेगळ्याच घडणीच्या यंत्रावर नेऊन बसवायची. त्याला त्यांच्या भाषेत पोर्टिंग म्हणतात.

मी बी.ए. झालेला माणूस, तोही मराठी घेऊन. पण बिऱ्हाड बदलणं मला कळतं. लहानपणापासून आम्ही सहा घरं बदलली. घर सोडताना दर वेळी एक गोष्ट लक्षात यायची, की आपण ज्याला आपलं सामान समजत होतो त्यातलं बरंचसं त्या भिंतीचं होतं. खुंटी भिंतीची, फळी कोनाड्याच्या मापाची, पडदा त्याच खिडकीचा. भाच्याचं बोलणं ऐकताना हेच आठवत राहिलं. त्यानंतर दोन वर्षं मी त्याला प्रश्न विचारून छळलं आहे. त्यातून जे उमगलं ते एका खऱ्या गोष्टीच्या आधाराने सांगतो.

गोष्टीआधी थोडी पूर्वतयारी. संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. त्याला मराठी कळत नाही तशी इंग्रजीही कळत नाही. 'इथला आकडा उचल', 'तिथे ठेव', 'बेरीज कर', 'अमुक ठिकाणी जा' अशा काही हुकमांची एक ठरलेली यादी त्याच्यात कोरलेली असते. प्रत्येक घराण्याच्या प्रोसेसरची यादी वेगळी. इंटेलचे हुकूम मोटोरोलाच्या प्रोसेसरला समजत नाहीत. या यादीला आणि तिच्याभोवतीच्या नियमांना आर्किटेक्चर म्हणतात. आपण तूर्त 'घडण' म्हणू.

प्रोग्राम लिहिणारी माणसं मात्र बहुधा सी सारख्या मधल्या भाषेत लिहितात. कंपायलर नावाचा दुभाषा तो मजकूर यंत्राच्या हुकमांत उतरवतो. आता तुम्ही म्हणाल, मग अडचण काय? नव्या यंत्राचा दुभाषा बसवा, सगळा मजकूर त्याच्याकडून उतरवून घ्या, झालं काम! साध्या प्रोग्रामच्या बाबतीत पुष्कळदा असंच होतं. ऑपरेटिंग सिस्टीमचं तसं नाही. ती पाहुणी नसते, घरची कारभारीण असते. मेमरी कुणाला किती द्यायची, कुणाची पाळी कधी, कीबोर्डवरचं बटण दाबलं की कुणाला हाक मारायची, हे सगळं तिच्याकडे. त्यासाठी तिला यंत्राच्या अंगाला थेट हात लावावा लागतो. आणि जिथे हात लागतो तिथे त्या यंत्राची सवय लागते.

आता गोष्ट. लिनस टोरवाल्ड्स हा हेलसिंकी विद्यापीठातला विद्यार्थी. जानेवारी १९९१ मध्ये त्याने एक संगणक घेतला. त्यात इंटेलचा ३८६ हा प्रोसेसर होता. ऑपरेटिंग सिस्टीम लिहावी असा बेत सुरुवातीला नव्हताच. हा ३८६ आतून कसा आहे ते त्याला समजून घ्यायचं होतं. म्हणून त्याने एक छोटा खेळ मांडला. दोन कामं यंत्रावर सोडायची, एक पडद्यावर 'ए' छापणार, दुसरं 'बी' छापणार, आणि यंत्राने आळीपाळीने दोघांना संधी द्यायची. या अदलाबदलीसाठी ३८६ मध्येच एक खास सोय होती, ती त्याने वापरली. तिथून खेळ वाढत गेला. ऑगस्ट १९९१ मध्ये त्याने इतरांना या कामाची खबर दिली, तेव्हा ही सिस्टीम दुसऱ्या यंत्रावर नेता येण्याजोगी नाही हेही प्रांजळपणे सांगून टाकलं. सप्टेंबरमध्ये पहिली आवृत्ती आली. सुमारे दहा हजार ओळी. हेच लिनक्सचं पाळणाघर.

त्या पहिल्या आवृत्तीत यंत्राची सवय किती मुरली होती याचा एक नमुना देतो. ३८६ चार गिगाबाइटपर्यंतच्या मेमरीचे पत्ते मोजू शकत असे. लिनसने त्या पत्त्यांचे चौसष्ट सारखे गाळे पाडले, प्रत्येक गाळा चौसष्ट मेगाबाइटचा. एका गाळ्यात एक काम. म्हणजे चौसष्टपेक्षा जास्त कामं एका वेळी नाहीतच. हा नियम कामांच्या स्वभावातून आला नव्हता, तो त्या भिंतींच्या मापातून आला होता. त्या घरात राहणाऱ्याला ते खटकत नाही, आणि लिनसला तर दुसऱ्या घरी जायचंच नव्हतं.

जानेवारी १९९२ मध्ये ॲम्स्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅननबाउम यांनी त्याला जाहीरपणे फटकारलं. टॅननबाउम हे या विषयातले नावाजलेले शिक्षक. मिनिक्स नावाची छोटी ऑपरेटिंग सिस्टीम त्यांनी विद्यार्थ्यांसाठी लिहिली होती, आणि लिनस स्वतः त्यांच्याच पुस्तकावर शिकलेला. त्यांचे मुख्य आक्षेप दोन. एक रचनेबद्दलचा, तो आपल्या विषयाबाहेरचा आहे. दुसरा असा, की एखादी सिस्टीम एकाच प्रोसेसरला इतकी जखडून टाकणं ही मुळातली चूक आहे, इंटेलचं हे घराणं काही कायम राहणार नाही. पाच वर्षांत लोक स्पार्क जातीच्या यंत्रांवर गेलेले असतील असं भाकीतही त्यांनी केलं. लिनसने उत्तर दिलं, थोडं तापून, मग दुसऱ्या दिवशी सूर उतरवून. माझी सिस्टीम जखडलेली असेल, पण तिच्यावर चालणारे प्रोग्राम सहज इकडचे तिकडे नेता येतात, असा त्याचा मुद्दा होता.

मला हे भांडण फार आवडतं, कारण त्यात दोघंही अर्धे बरोबर निघाले. इंटेलचं घराणं बुडालं नाही, लोक स्पार्कवर गेले नाहीत. पण 'जखडणं ही चूक आहे' हे गुरुजींचं म्हणणं शिष्याला पुढे स्वतःच्या हातांनी मान्य करावं लागलं.

दरम्यान काही हौशी लोकांनी वाट पाहिली नव्हती. मोटोरोलाच्या ६८००० घराण्याचे प्रोसेसर असलेले अमिगा आणि अटारी हे संगणक तेव्हा लोकप्रिय होते. त्यांच्यावर लिनक्स नेण्याचं काम हमिश मॅकडोनल्ड आणि इतरांनी १९९२-९३ च्या सुमारास केलं. लिनक्सचा सोर्स कोड, म्हणजे मूळ मजकूर, सगळ्यांसाठी खुला होता, त्यामुळे कुणाची परवानगी मागायची नव्हती. त्यांनी ३८६ चे तुकडे काढले आणि तिथे आपल्या यंत्राचे बसवले. चाललं. पण झालं असं की एका घराची दोन घरं झाली. इकडे काही दुरुस्ती झाली की तिकडे ती हाताने पुन्हा करायची. भावाभावांच्या वाटण्या झाल्यावर होतं तसं.

मे १९९४ मध्ये लिनस अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला डिजिटल कंपनीच्या यंत्रांचे वापरकर्ते जमतात त्या परिषदेला गेला. तिथे त्याला डिजिटलमध्येच काम करणारे जॉन हॉल भेटले. दाढीवाले, मोठमोठ्याने हसणारे गृहस्थ, मित्रमंडळींत 'मॅडडॉग' या नावाने प्रसिद्ध. डिजिटलने १९९२ मध्ये अल्फा नावाचा प्रोसेसर बाजारात आणला होता. ३८६ हा ३२ बिटचा, अल्फा ६४ बिटचा आणि त्या काळातला अतिशय वेगवान. हॉल यांनी खटपट करून एक अल्फा यंत्र लिनसकडे हेलसिंकीला पोचतं केलं. आता जखडलेल्या सिस्टीमच्या मालकालाच बिऱ्हाड हलवायचं होतं.

आधी अडचणी बघू, कारण खरी गंमत त्यांतच आहे.

पहिली आकाराची. ३८६ वर मेमरीतला पत्ता ३२ बिटांत मावतो. असे सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात. सी भाषेत आकडे ठेवायचे डबे असतात, एक 'इंट', दुसरा 'लाँग'. ३८६ वर हे दोन्ही डबे सारख्याच मापाचे आणि पत्ताही त्याच मापाचा. त्यामुळे लिहिणारा कुठेही काहीही ठेवतो आणि ते चालून जातं. अल्फावर लाँग आणि पत्ता दोन्ही ६४ बिटांचे झाले, इंट मात्र ३२ बिटांचाच राहिला. आता जिथे जिथे सवयीने पत्ता इंटमध्ये ठेवला होता तिथे त्याचा अर्धा भाग गळून पडणार. मुंबईचे फोन नंबर सात आकड्यांवरून आठ आकड्यांवर गेले तेव्हाचं आठवा. छापील वहीत सातच चौकोन असतील तर आठवा आकडा कुठे लिहाल? आणि तो गाळून फोन लावलात तर लागणार कुणाला? संगणकात हे अधिक वाईट, कारण तो चुकीच्या घरी बिनबोभाट शिरतो आणि तिथलं सामान हलवून येतो.

दुसरी अडचण मापाचीच, पण सोपी. मेमरीचं वाटप पानांच्या हिशेबाने होतं. ३८६ चं पान ४,०९६ बाइटचं, अल्फाचं ८,१९२ बाइटचं. कोडमध्ये जिथे जिथे ४,०९६ हा आकडा लिहिला होता तिथे 'पानाचं माप' असं नाव घालायचं आणि ते माप त्या त्या यंत्राने सांगायचं. घड्याळाचंही असंच. सिस्टीमला कामांच्या पाळ्या बदलण्यासाठी ठोके लागतात. ३८६ वर लिनक्स सेकंदाला १०० ठोके मोजत असे, अल्फावर १,०२४. हे ठोके मिळाले नाहीत तर सिस्टीम पुढे सरकतच नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी तो लागणार आहे.

तिसरी अडचण ऐकून मी थक्क झालो. सुरुवातीच्या अल्फा प्रोसेसरांना एकटा बाइट मेमरीत लिहिता येत नसे! चार किंवा आठ बाइटांचा गठ्ठाच उचलायचा, त्यातला एक बदलायचा, पुन्हा गठ्ठाच ठेवायचा. कल्पना करा, सरकारी कचेरीत एक रजिस्टर आहे आणि नियम असा की एक रकाना खोडून दुरुस्त करायचा नाही. अख्खं पान काढून घ्या, नव्याने लिहा आणि परत लावा. एकच कारकून असेल तर नुसता वेळ जाईल. पण दोन कारकुनांनी एकाच पानाच्या प्रती घेतल्या, एकाने वरचा रकाना बदलला, दुसऱ्याने खालचा, आणि मग एकामागून एक पानं लावली, तर पहिल्याची दुरुस्ती गेली. कुणी खोटं लिहिलं नाही, कुणी चुकलं नाही, तरी नोंद गेली. ३८६ वर वाढलेल्या माणसाच्या स्वप्नातही ही शक्यता येणार नाही. डिजिटलने पुढे १९९६ च्या सुमारास अल्फात एकेका बाइटचे हुकूम घातले, पण लिनसच्या वाट्याला आलेला अल्फा आधीचा होता.

अल्फाची आणखी एक खोड म्हणजे मेमरीतल्या नोंदी तो कोणत्या क्रमाने बघेल याचा भरवसा कमी. एकाहून जास्त प्रोसेसर असले की हा ताप सुरू होतो. यासाठी लिनक्सच्या सगळ्यांना सामाईक असलेल्या मजकुरात एक खास खूण वर्षानुवर्षं होती, आणि ती फक्त अल्फाला लागत असे. तपशिलात शिरलो तर भाचा मला चुका दाखवील, म्हणून पुढे जातो.

अल्फात नसलेली पण इतर यंत्रांत असलेली एक अडचण मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ती मला आमच्या घरातच सापडली. माझे अब्बा हिशेबाची वही उर्दूत लिहायचे, मी शाळेत मराठीत. उर्दू उजवीकडून डावीकडे चालते, पण त्या ओळीत पंचवीस हा आकडा आला की दोन डावीकडेच राहतो आणि पाच उजवीकडे, मराठीसारखाच. म्हणजे उजवीकडून येणाऱ्या डोळ्याला आधी पाच भेटतो. आणि मराठीत तरी काय? आपण लिहितो आधी दोन, बोलतो मात्र 'पंच-वीस', आधी पाच! आपली जीभ धाकट्याला आधी मान देते, लेखणी थोरल्याला. प्रोसेसरांतही हीच दोन घराणी आहेत. मोठा आकडा अनेक बाइटांत ठेवायचा तर इंटेल धाकटा बाइट आधी ठेवतो, मोटोरोलाचा ६८००० आणि स्पार्क थोरला आधी. गलिव्हरच्या सफरीत अंडं कुठल्या टोकाने फोडावं यावरून लढाई होते, तिच्यावरूनच १९८० मध्ये डॅनी कोहेन यांनी या दोन पंथांना नावं दिली. एका पंथाच्या यंत्रावर लिहिलेली डिस्क दुसऱ्या पंथाच्या यंत्राने जशीच्या तशी वाचली तर आकडे उलटेपालटे होतात. जुन्या युनिक्स सिस्टीमच्या बाबतीत एक किस्सा सांगतात. नव्या यंत्रावर तिने आपलं नाव छापलं ते यू-एन-आय-एक्स असं न येता एन-यू-एक्स-आय असं आलं. शेजारशेजारच्या अक्षरांनी जागा बदलल्या होत्या, एवढंच.

लिनसपुढे दोन वाटा होत्या. ६८००० वाल्यांसारखं काढा आणि बसवा, म्हणजे आणखी एक वेगळी चूल. किंवा मूळ घरच असं बांधा की जे खरोखर यंत्राचं आहे ते एका कप्प्यात जाईल आणि बाकीचं सगळ्यांचं एकच राहील. त्याने दुसरी वाट धरली. मी उर्दू गझलांचे मराठी अनुवाद करतो तेव्हा याच वाटेवर ठेचकाळतो. मूळ शेरात किती कविता होती आणि किती नुसतं उर्दूचं आर्जव होतं, हे ती ओळ मराठीत आणायला घेतल्यावरच कळतं. ३८६ वर काही वर्षं काढूनही लिनसला आपल्या सिस्टीमचं हे असंच नेमकं कळलं नव्हतं. ते अल्फाने कळवलं.

मेमरीच्या पत्त्यांचं उदाहरण घ्या. पत्त्यावरून प्रत्यक्ष जागा शोधायला यंत्र पायऱ्यांच्या याद्या वापरतं. ३८६ वर दोन पायऱ्या, म्हणजे आधी इमारत, मग खोली. अल्फावर तीन, म्हणजे इमारत, मजला, खोली. लिनसने सामाईक मजकूर तीन पायऱ्यांचाच लिहिला आणि ३८६ च्या कप्प्यात सांगून टाकलं की आमच्याकडे इमारतीला एकच मजला आहे. मधली पायरी नावापुरती, तिथे वेळ जात नाही. नव्याच्या सोयीसाठी जुन्यालाही मोठ्या घरातला माणूस असल्यासारखं वागायला लावलं. पुढे मेमऱ्या वाढल्या तेव्हा याच जिन्याला २००५ मध्ये चौथी आणि २०१७ मध्ये पाचवी पायरी जोडता आली.

अजून एक पेच राहिला, कोंबडी आधी की अंडं आधी. नव्या यंत्रावर सिस्टीम नाही, म्हणून तिथे काही लिहिता येत नाही. आणि लिहिता येत नाही, म्हणून सिस्टीम येत नाही. इथे रिचर्ड स्टॉलमन यांचा जीसीसी हा खुला कंपायलर उपयोगी पडला. तो एका यंत्रावर बसून दुसऱ्या यंत्राचे हुकूम तयार करू शकतो. पण नुसती सिस्टीम उठून बसली तरी तिच्यावर चालवून बघायला छोटे-मोठे प्रोग्राम हवेत. अल्फावर डिजिटलची स्वतःची युनिक्स होती. लिनसने आपल्या सिस्टीमला मारायच्या हाका त्याच क्रमांकांच्या ठेवल्या, म्हणजे डिजिटलच्या युनिक्ससाठी बनवलेले प्रोग्राम लिनक्सवर चालवून बघता येतील. नव्या घरात चूल मांडेपर्यंत शेजारणीची भांडी आणावीत, तसं.

मार्च १९९५ मध्ये लिनक्सची १.२ ही आवृत्ती आली. वर्षभरापूर्वीची १.० फक्त इंटेलची होती. या आवृत्तीत अल्फा होता, मिप्स होता आणि चक्क स्पार्कही होता, टॅननबाउम गुरुजींचा लाडका. दोन वर्षांनी, १९९७ मध्ये, लिनसने हेलसिंकी विद्यापीठाला एम.एस्सी.चा प्रबंध सादर केला. त्याचं नाव 'लिनक्स : अ पोर्टेबल ऑपरेटिंग सिस्टिम'.

यानंतर वेगवेगळ्या घडणींचे कप्पे वाढत गेले. ब्रिटनमध्ये रसेल किंग यांनी १९९४ मध्येच आर्म प्रोसेसरसाठी काम सुरू केलं होतं. त्याच वंशातलं लिनक्स आज अँड्रॉइडच्या रूपाने तुमच्या खिशातल्या फोनमध्ये आहे. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांची यादी निघते, तिच्यातले सगळे ५०० नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवरच चालतात. पुण्याच्या सी-डॅकमधला 'ऐरावत' जून २०२३ मध्ये त्या यादीत ७५ वा होता.

आणि अल्फा? डिजिटल कंपनी १९९८ मध्ये कॉम्पॅकने विकत घेतली. मायक्रोसॉफ्टची विंडोज एनटीही अल्फावर चालत असे. १९९९ मध्ये कॉम्पॅकने अल्फावरच्या एनटीतून अंग काढून घेतलं आणि मायक्रोसॉफ्टनेही ती बंद केली. ज्यांनी महागडी यंत्रं घेतली होती त्यांच्या हातात काही उरलं नाही, कारण एनटीचा मूळ मजकूर त्यांच्याकडे नव्हता. ते बिचारे माझ्यासारखेच, फ्लॉपी हातात आणि फॉन्ट दुसऱ्याकडे. २००१ मध्ये कॉम्पॅकने अल्फाच गुंडाळायचं जाहीर केलं, इंटेलच्या इटॅनियमच्या भरवशावर. अल्फाची विक्री २००७ मध्ये थांबली. लिनक्समधला अल्फाचा कप्पा मात्र कंपनीने मिटवला नाही, कारण तो कंपनीचा नव्हताच. ज्यांच्याकडे यंत्रं होती ते तो सांभाळत राहिले. गमतीचा भाग असा की ज्याच्यासाठी अल्फाला मारलं तो इटॅनियमच जानेवारी २०२४ च्या आवृत्तीतून बाहेर गेला, आणि अल्फा अजून आत आहे.

अर्थात खुल्या घरातही सगळ्यांना कायमची जागा नसते. जागा अडवणाऱ्याचा त्रास बाकीच्यांना होतो आणि त्याची बाजू घेऊन राबणारं कुणी उरत नाही, तेव्हा त्याला उठावं लागतं. डिसेंबर २०१२ मध्ये लिनक्समधून ज्या प्रोसेसरचा आधार काढला तो होता ३८६. होय, तोच, ज्याला समजून घेण्यासाठी हा सगळा प्रपंच सुरू झाला होता. नंतरच्या इंटेल प्रोसेसरांत असलेले काही हुकूम त्याला येत नव्हते, त्यासाठी सगळ्यांना पदर खोचून पळवाटा सांभाळाव्या लागत. आणि २०२४ मध्ये बाइट लिहिता न येणारे जुने अल्फाही गेले. लिनसने १९९४ साली ज्यावर बिऱ्हाड हलवलं त्याच पिढीचे. त्यांच्यासाठी बांधलेला तो मजल्यांचा जिना मात्र आहे, रोज कोट्यवधी यंत्रं त्यावरून चढउतार करतात.

आता आपल्याकडचं. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात २०१० मध्ये रिस्क-फाइव्ह या घडणीचं काम सुरू झालं. तिचं वैशिष्ट्य म्हणजे हुकमांची यादीच खुली, कुणीही त्या यादीवर स्वतःचा प्रोसेसर बांधावा. आयआयटी मद्रासच्या 'शक्ती' प्रकल्पाने ती वापरून प्रोसेसर घडवले आणि २०१८ मध्ये त्यांच्यावर लिनक्स चालवून दाखवलं. त्याच वर्षी जानेवारीत रिस्क-फाइव्हचा कप्पा लिनक्सच्या अधिकृत आवृत्तीत आला होता. चेन्नईतल्या मंडळींना ऑपरेटिंग सिस्टीम मुळापासून लिहायची गरज पडली नाही. नवा प्रोसेसर बनवणाऱ्या छोट्या गटासाठी ही केवढी सुटका आहे, हे भाच्याने मला समजावलं. चांगला प्रोसेसर बनवूनही त्याच्यावर चालायला काही नसेल तर तो नुसता वाळूचा तुकडा.

भाचा सध्या अशाच एका रिस्क-फाइव्ह बोर्डावर काम करतो. गेल्या ईदला घरी आला तो सामान घेऊनच. तळहाताएवढी हिरवी पट्टी, तिला ना पडदा ना कीबोर्ड. तीन वायरी लॅपटॉपला जोडलेल्या. म्हणाला, "मामू, तीन आठवडे झाले, ही बया तोंड उघडत नाही." शीरखुर्मा झाला, पाहुणे आले-गेले, हा कोपऱ्यात बसून. संध्याकाळी एकदम ओरडला. मी चष्मा शोधत गेलो. लॅपटॉपच्या काळ्या खिडकीत पांढऱ्या अक्षरांची एकच ओळ होती, लिनक्स व्हर्जन अमुक अमुक. नवं यंत्र पहिल्यांदा बोलतं ते हेच बोलतं. आम्ही थोडा वेळ बघत राहिलो. आणखी पाच-सहा ओळी आल्या आणि खिडकी थिजली.

"काय झालं?" मी विचारलं.

"घड्याळाचे ठोके पोचत नाहीयेत," तो म्हणाला, आणि वायर काढून पुन्हा लावली.